सूप खाली ठेवायचं नाही

पेण,
१४ एप्रिल १९९७

रघुनाथ,

आशीर्वाद नेहमी पत्राच्या सुरुवातीला लिहिते. या वेळी हातात राखून ठेवले आहेत. आधी मजकूर वाच.

तुझ्या घटस्फोटाच्या अर्जासाठी वकिलांनी माझ्या नावानं टाइप करून पाठवलेलं प्रतिज्ञापत्र सही न करता परत पाठवते आहे. त्यावर लाल शाईच्या खुणा दिसतील. इतकी वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

पहिली खूण 'विवाहापूर्वीपासून मानसिक विकार' या शब्दांखाली आहे. खोटं आहे ते. तुमचं लग्न पंचाण्णवच्या मे महिन्यात झालं. जुलैत तुम्ही दोघं तुझ्या मित्राच्या मुलाच्या बारशाला नागोठण्याला गेलात. आंबा नदीचं पाणी त्याच आठवड्यात गावात शिरून ओसरलं होतं आणि बारशाचं जेवण विहिरीच्या पाण्यावर झालं होतं. दुसऱ्या दिवशी दोघंही आडवे झालात. सलाईन दोघांनाही लागलं. तू चौथ्या दिवशी उठून सुकटीचं कालवण मागितलंस. नूतनही उठली, पण तिचं पोट त्या दुखण्यातून उठलं नाही ते आजतागायत. त्याआधी दोन महिने ती माझ्या पंक्तीला बसून काहीही खात होती, आणि पोट या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. 'विवाहापूर्वी' हा शब्द कुठून आला?

दुसरी खूण 'धार्मिक विधी अर्धवट टाकून पळ काढते' इथे. तुझे वकील बडोद्याचे. त्यांना ओवसा ठाऊक नसणार, म्हणून सांगते. लग्नानंतर ज्या वर्षी गौरी पूर्वा नक्षत्रात येतात, त्या वर्षी नवी सून माहेरून आलेल्या सुपांनी गौरीला ओवसते. फळं, पानं, सुपारी भरलेलं सूप दोन्ही हातांत धरून गौरीसमोर हलवायचं. अशी पाच सुपं. ओवसून होईपर्यंत हातातलं सूप जमिनीला लागू द्यायचं नाही. नूतन पहाटेपासून उपाशी उभी होती. तिसऱ्या सुपाला पोटात कळ आली. तिनं सूप खाली ठेवलं आणि परसाकडे धावली. याला तुम्ही वेड म्हणता. गौरीसमोर लुगडं खराब होऊ न देण्याला माझ्या भाषेत शहाणपण म्हणतात.

तिसरी खूण सर्वांत मोठी आहे. 'माझ्या सुनेच्या वागण्याचा मलाही असह्य त्रास झाला.' हे वाक्य माझ्या तोंडी घालण्याआधी मला विचारायला तू विसरलास.

अलिबागच्या कोर्टात तारीख लागली की साक्षीला ये म्हणतोस. येईन. मी काय बोलेन ते मात्र तुझ्या वकिलांना परवडणार आहे का, ते विचारून घे.

आई


पेण,
५ मे १९९७

रघुनाथ,

तुझं पत्र मिळालं. चार पानांत तेच वाक्य सहा वेळा: 'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे सगळं तिच्या डोक्यात आहे.'

रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ एवढाच, की त्या यंत्राला जे पाहता येतं ते ठीक आहे. तू आठवीत असताना माझ्याच वर्गात सूक्ष्मदर्शकाचं भिंग न फिरवता 'बाई, काचेवर काहीच नाही' म्हणाला होतास. भिंग मी फिरवलं तेव्हा अमीबा तिथंच होता.

मी रोह्याला नूतनच्या माहेरी जाऊन आले. सकाळची एस.टी. सोडली, कारण तिच्यात दाराजवळची जागा नव्हती, पुढची धरली. त्या रस्त्यावर गाडी कुठे किती वेळ थांबते आणि कुठल्या ओळखीच्या घराचं मागचं दार उघडं असतं, हे मला पाठ आहे. कसं, ते विचारू नकोस.

हौसाबाई दारातच भेटल्या. तुझी सासू भांडायला उभी असेल असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

"बाई, तुमीच बगा आता. पोर घराच्या भायेर पाय टाकत नाय. पालखी दारावरनं गेली, तरी मागच्या खोलीतच. लोकं काय बाय बोलतात. कुनी म्हनतं बाधा हाय, कुनी म्हनतं नवऱ्यानं टाकली त्याचा झटका."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हननार? मी तिची लुगडी धुते. मला म्हाईत हाय खरं काय ते."

नूतन आतून आली. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतील इतकी उतरली आहे. नमस्कार केला आणि म्हणाली, "आई, तुम्ही कशाला आलात?"

"चहा प्यायला."

"आमच्याकडे कोरा असतो. मला दूध सोसत नाही, म्हणून घरातले सगळेच कोरा पितात."

हे वाक्य पुन्हा वाच, रघू. तिला सोसत नाही म्हणून तिच्या बापानं म्हातारपणी चहातलं दूध सोडलं. आणि आपल्या घरी तुझी शकूआत्या पोट साफ व्हावं म्हणून दर रविवारी तिला एरंडेल पाजत होती. ज्या बाईला दिवसातून सहा वेळा जावं लागतं तिला एरंडेल! आणि सोमवारी ती उठली नाही की आळशी.

तुझ्या बडोद्याच्या साहेबांकडच्या जेवणाचीही हकीकत मी विचारली. ती पानावरून उठून गेली आणि तुझी मान खाली गेली, एवढं तू मला लिहिलं होतंस. ती परत आली तेव्हा सगळ्यांसमोर तू काय म्हणालास ते लिहिलं नव्हतंस. "आमच्या मॅडमचं दुसरं घर तिकडंच आहे." सगळे हसले म्हणे. तू नव्या नोकरीत होतास, चारचौघांत लाज वाटली असेल, हे मी समजू शकते. पण ती त्या दिवसानंतर कुणाच्याही घरी जेवलेली नाही.

निघताना तिनं विचारलं, "आई, मी खरोखरच वेडी असते तर बरं झालं असतं ना? वेडाला निदान नाव तरी असतं."

"नाव शोधू," मी म्हटलं. "बॅग भर."

आई


पेण,
२२ जून १९९७

रघुनाथ,

नाव सापडलं. मराठीत त्याला अजून धड शब्द नाही. डॉक्टर त्याला 'इरिटेबल बॉवेल' म्हणतात. चिडकं आतडं म्हण हवं तर.

डॉक्टर म्हणजे आपली मृणाली. माझ्या वर्गात बेडकाचं आतडं बघून रडली होती ती. आता मुंबईत पोटाची डॉक्टर आहे. नूतनला तिनं तासभर बसवून घेतलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो तुम्हां कुणाला दोन वर्षांत सुचला नव्हता: "हे सुरू होण्याआधी कधी जोराचे जुलाब झाले होते का?"

पुढचं मी जसं समजले तसं लिहिते. तू इंजिनिअर आहेस, एकदा वाचून कळावं.

आपल्या आतड्याला स्वतःच्या नसांचं जाळं असतं. मेंदूला न विचारता ते बराचसा कारभार चालवतं. त्या कारभारातला एक निरोप्या म्हणजे सेरोटोनिन नावाचं रसायन. लोकांना वाटतं ते मेंदूतलं, मन प्रसन्न ठेवणारं. प्रत्यक्षात शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत असतं. घास खाली उतरला की त्या पेशी ते सोडतात, नसांना निरोप जातो, आणि आतडं घास पुढे ढकलतं. निरोप फार जोराचा गेला की आतडं घाई करतं आणि कळ येते. ज्याचं पोट ठीक आहे त्याला जे कळतही नाही, ते अशा माणसाला सुरीसारखं लागतं.

दुसरी गोष्ट. शरीराचा रोगांवरचा पहारा सर्वांत कडक कुठे असेल, तर आतड्यातच, कारण बाहेरचं सगळं तिथूनच आत येतं. विषारी पाण्यानं अस्तर सोलवटलं की पहारेकरी पेशी धावून येतात. बहुतेक माणसांचे पहारेकरी काम संपल्यावर परततात. काहींचे परतत नाहीत. तिथंच ठाण मांडून बसतात, साध्या वरणभातालाही शत्रू समजून नसांना चिथावतात, आणि सेरोटोनिनचा निरोप आणखी चढ्या आवाजात जातो. हे सगळं अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही, परदेशात शोध चालू आहे, असं मृणालीनं स्वच्छ सांगितलं. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणारा डॉक्टर मला आवडतो.

मला ते लगेच पटलं, कारण मी खाडीकाठची आहे. माझ्या माहेरी, धरमतरच्या खाडीवर, एका उधाणाला बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरलं. बांध महिन्याभरात बांधून झाला. पण त्यानंतर दोन वर्षं साध्या भरतीलाही कुणीतरी ओरडायचं आणि अख्खा गाव घमेली-फावडी घेऊन बांधावर धावायचा. बांध शाबूत, पाणी जागच्या जागी, आणि माणसं चिखलात. गावाला वेड लागलं होतं असं कुणी म्हटलं नाही. एकदा बुडालेला गाव आहे, म्हणाले. नूतनचं पोट हे एकदा बुडालेलं गाव आहे.

तिनं मृणालीला विचारलं, "म्हणजे हे माझ्या मनाचं नाही?"

"मनाचा धक्का पोटाला लागतो आणि पोटाचा मनाला," मृणाली म्हणाली. "दोघांच्या मध्ये रस्ता आहे आणि तो दुहेरी आहे. पण तू हे रचलेलं नाहीस. हे आहे."

नूतन तेव्हा रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर. मी तिला रुमाल दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला रडणाऱ्या माणसाजवळ काय करायचं ते कळत नाही, तुला ठाऊक आहे.

एरंडेल बंद, दूध बंद. खाणं थोडं थोडं, वेळेवर. आणि रोज झोपताना एक लहानशी गोळी. ती गोळी कसली आहे ते तुझ्यापासून लपवत नाही: उदास माणसांना देतात तीच, फार कमी प्रमाणात. सेरोटोनिन आणि त्याच्या एकदोन भावंडांच्या कामात ती हात घालते आणि आतड्याच्या नसा शांत करते. गोळी पोटासाठी आहे.

मृणालीनं त्या दिवशी आमच्यातल्या आणखी एका पेशंटला तपासलं. ते पुढे कधीतरी.

आई


पेण,
१० ऑगस्ट १९९७

रघुनाथ,

तर गोळीचं तुझ्या वकिलांनी सोनं केलं. 'उदासीची गोळी चालू आहे हे सासूनंच लिहून दिलं आहे, आता दुसरा पुरावा कशाला?' हे लिहिताना तुझं अक्षर आनंदानं मोठं झालं आहे.

माझं पत्र कोर्टात लावणार असशील तर संपूर्ण लाव. बांधाचं पानही लाव.

परवा तुझी शकूआत्या आली होती. तू पाठवलीस की आपण होऊन आली ते विचारत नाही. आल्या आल्या तिनं नवा संडास पाहिला. मी घरात बांधून घेतला आहे, माजघराला लागून. पावसात, अंधारात परसाच्या टोकाला धावणं आता या घरात कुणी करणार नाही.

"वैनी, देवघराच्या पाठीला संडास? दादा असते तर..."

"ते असते तर त्यांनीच आधी वापरला असता. गुडघे गेले होते त्यांचे."

"लोक हसतात गो. टाकलेल्या सुनेला घरात आणून ठेवलीत आणि तिच्यासाठी संडास बांधलात. पोरगा परका केलात."

"पोराला कुणी दार लावलेलं नाही. कडी आतून नाही, बघ हवं तर."

"ती डोक्याची गोळी घेते ना?"

"घेते."

"मग?"

"तू रक्तदाबाची घेतेस. आम्ही तुला रक्तपिपासू म्हणतो का?"

तशीच निघाली होती. नूतननं तिच्यापुढे चहा ठेवला. कोरा. शकूनं तो प्यायला, हे तिच्या बाजूनं नोंदवते.

तर नूतन इथं आहे. गेल्या वर्षी गौरी पूर्वात नव्हत्या. यंदा आहेत. तिचा राहिलेला ओवसा यंदा या घरात होणार. तू लिहितोस की खटला चालू असताना तिला घरात घेणं तुझ्या बाजूला घातक आहे. घर माझं आहे. बाजू तुझी आहे. दोन्हींची गल्लत करू नकोस.

आई


पेण,
१२ सप्टेंबर १९९७

रघुनाथ,

गौरी-गणपती परवा गेले. आज हात मोकळा झाला.

हौसाबाई रोह्याहून पाच सुपं घेऊन आल्या. आळीतल्या बायका दुपारपासूनच जमल्या होत्या. गौरीपेक्षा नूतनला बघायला जास्त. शकू पुढे बसली होती. शेजारची धोंडुबाई खांबाला टेकून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बगू आता, गवर हिचा ओवसा घेते का परतून लावते."

नूतनला मी उपाशी ठेवलं नव्हतं. सकाळी मऊ भात खायला लावला. "ओवशाला उपास असतो," ती म्हणाली. "गौरीला माझं नाव सांग," मी म्हटलं.

पहिलं सूप झालं. दुसरं झालं. तिसरं तिनं उचललं आणि तिच्या कपाळावर घाम आला. मी तिच्या उजव्या बाजूला उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची आहे. आरशातली आहे.

मी पुढे झाले आणि तिच्या हातातलं सूप माझ्या हातात घेतलं.

मग शकू: "वैनी! तुमी धरताय? तुमी?"

विधवेनं ओवशाचं सूप धरायचं नसतं. मला ठाऊक आहे, रघू. तुझे वडील गेले तेव्हा या बायकांनी मला कुठकुठल्या गोष्टींना हात लावायचा नाही ते एकेक करून सांगितलं होतं. मी सूप छातीशी धरलं आणि म्हटलं, "सूप खाली ठेवायचं नाही एवढाच नियम आहे. ते खाली ठेवलेलं नाही. नूतन, जा. हात-पाय धुऊन ये. गौर तीन दिवस राहायला आली आहे, दहा मिनिटं थांबेल."

ती गेली. माजघरातून सहा पावलं, परसात नव्हे. मी उभी राहिले. भरलेलं सूप किती जड असतं ते मी विसरले होते. हात कापायला लागले, तेव्हा खालून आणखी दोन हात आले. धोंडुबाईचे. तुझे वडील गेले त्याच्या आदल्याच वर्षी तीही विधवा झालेली.

"सरक गो बाय," ती म्हणाली. "पडंल ना. मंग गवर खरंच कोपंल."

कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघी-चौघी हसल्या. नूतन परत आली तेव्हा तिला वाटलं आपल्यालाच हसताहेत, आणि ती उंबऱ्यात थबकली. धोंडुबाई ओरडली, "ये गो पोरी, तुजी सासू म्हातारी झाली, हात बग कसं लटलटतात." तिनं सूप घेतलं. तिसरं झालं, चौथं झालं, पाचवं झालं. ओवशाचं पहिलं सूप नवऱ्याला द्यायचं असतं. तू नव्हतास. ते गौरीपुढे ठेवलं, तुझ्या नावानं; आता देवघरात आहे. नूतननं स्वतःहून ठेवलं. मी सांगितलं असतं तर दुसऱ्याच्या नावानं सांगितलं असतं.

आता राहिलेलं. मृणालीनं तपासलेली दुसरी पेशंट मी.

तू लहानपणी तक्रार करायचास की सगळ्यांच्या आया सहलीला येतात, माझी येत नाही. शाळेत म्हणायचे, बाई कडक आहेत, स्टाफरूममध्ये कुणाबरोबर चहासुद्धा घेत नाहीत, कुणाच्या लग्नात जेवत नाहीत. मी कडक होतेच. पण सहलीला गेले नाही त्याचं कारण कडकपणा नव्हतं. एस.टी.त मी दाराजवळ बसते ते वाऱ्यासाठी नाही. कॉलेजात असताना विषमज्वरातून उठले, तेव्हापासून हे पोट माझ्याबरोबर आहे. तुझ्या वडिलांनाही अर्धंच ठाऊक होतं. आमच्या वेळी बाईला पोट नसायचं. असायचं ते फक्त मूल ठेवायला.

मी तीच गोळी घेते. त्याच ताकदीची, त्याच वेळी. आम्ही दोघी झोपताना एकाच तांब्यातून पाणी घेतो.

तेव्हा अलिबागला मी येणार. नूतनच्या औषधाचा कागद तुझे वकील न्यायाधीशांपुढे ठेवतील, तेव्हा मी माझा त्याच्याशेजारी ठेवीन. म्हणेन, ही गोळी घेणारी बाई वेडी असेल तर या जिल्ह्यातल्या निम्म्या डॉक्टर-इंजिनिअरांना जीवशास्त्र एका वेडीनं शिकवलं आहे, त्यांच्या पदव्याही तपासून घ्या. आणि उलटतपासणीत विचारलं की हे घराण्यात आणखी कुणाला आहे का, तर मी शपथेवर खोटं बोलणार नाही. दहावीच्या परीक्षेला रोज सकाळी मागचा संडास कोण अडवून बसायचं, आणि तुझे वडील दारावर थापा मारत काय ओरडायचे, ते सगळं सांगेन. तुला कुणी वेडा म्हटलं नाही. तुला मी सुंठेचं पाणी करून दिलं आणि रिक्षा थांबवून ठेवली.

दोन रस्ते आहेत. अर्ज मागे घे, नाहीतर अलिबागला भेटू. नूतन तुझ्याकडे परत येईल की नाही, ते मी ठरवणार नाही आणि तूही ठरवणार नाहीस. ते ती ठरवील. तिनं अजून ठरवलेलं नाही, आणि मी तिला विचारलेलंही नाही.

आशीर्वाद राखून ठेवले होते. तिचे मी गौरीपुढे तिच्या डोक्यावर हात ठेवून दिले. तुझे इथंच आहेत, त्या सुपात. पाच महिने पोस्टानं पाठवायचे म्हणून बसले होते. आता वाटतं, घरी येऊन घे. येताना गाडीत उलट-सुलट खाऊ नकोस. आणि घाई झाली तर लाजू नकोस. माजघराला लागून, डाव्या हाताला.

आई